टपालाने आलेला आपलाच सदरा

शीव या शब्दाचा अर्थ सीमा. मुंबई बेट इंग्रजांकडे व पलीकडील साष्टी पोर्तुगीजांकडे असता, सतराव्या शतकात कंपनीने येथील टेकडीवर किल्ला बांधला. त्या टेकडीपासून आमचा शीव कोळीवाडा फारसा दूर नाही. राज्याची सीमा आली की जकात आलीच. ती घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी येते ते आम्ही गतवर्षी शेजारी पाहिले.

शेजारचा नातू परदेशी शिकून परत यावयाचा होता. विमानात वजनाची अडचण, म्हणून त्याने वापरलेले लोकरी कपडे, जोडे व एक जुना कॅमेरा पुडक्यात बांधून आजीच्या नावे टपालाने धाडला. फॉर्मवर ‘भेट’ एवढेच लिहिले आणि किंमत घातली ती नव्या वस्तूंची! पोस्टमनने शुल्काचा आकडा सांगताच आजीबाई आम्हांस म्हणाल्या, “अहो मास्तर, आमच्याच मुलाचा सदरा, त्यावर कर कसला?”

प्रश्न भोळा खरा, पण तो जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात विवाहाच्या वस्तू, वधूबरोबरची देणगी, नजराणे, तसेच यज्ञ, बाळंतपण, चौल, मुंज, व्रत यांसाठी जाणारा माल शुल्कावाचून सोडावा असे सांगितले आहे. मात्र त्या निमित्ताने जो खोटे बोलेल, त्यास चोराचा दंड.

आजचा सीमाशुल्क कायदा 1962 चा. प्रवाशाच्या स्वतःच्या वापरातील वस्तूंकडे तो उदारपणे पाहतो. 2016 च्या नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीयास 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तूंना माफी होती, आणि वापरलेले कपडेलत्ते त्या हिशेबात धरीत नसत. मागाहून जहाजाने येणाऱ्या सामानातील वापरलेल्या वस्तूंसही सूट असे. मात्र प्रवासी उतरल्यापासून एका महिन्याच्या आत ते रवाना झाले पाहिजे. आजीच्या नावे आलेले पुडके मात्र सामान नव्हे, ती आयात! आणि 12 डिसेंबर 2019 च्या अधिसूचनेने भेटीच्या नावाखाली करमाफीने येण्याची वाट बहुतांशी बंद केली. वाचल्या त्या जीवरक्षक औषधे व राखी. राखीबरोबरची भेटवस्तूदेखील नाही. बाकी भेटी पूर्ण शुल्क भरून आणाव्यात.

याचे कारण उघड आहे. परदेशी दुकानदार विकलेला माल ‘भेट’ म्हणून धाडू लागले होते. परंतु कौटिल्याने लबाडास दंड सांगितला आणि सवलत राखली; येथे सवलतच गेली. व्यापाऱ्याच्या लबाडीपायी आजीबाईंनी जुन्या सदऱ्यावर कर भरावा, हे आम्हांस रुचत नाही.

तूर्त ज्या घरची मुले परदेशी आहेत, त्यांनी त्यांस कळवावे की वापरलेल्या वस्तू शक्य तो स्वतःबरोबर आणाव्यात. टपालानेच धाडणे भाग असेल, तर सी. एन. 22 अथवा 23 या फॉर्मवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी, ती वापरलेली असल्याचे नमूद करावे व किंमत आजची, खरी घालावी. त्याने कर टळेलच असे नाही; पण जुन्या जोड्यांवर नव्याचा कर तरी बसणार नाही. आणि येथून मौल्यवान दागिना किंवा कॅमेरा नेणाऱ्याने निघतानाच विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ती वस्तू आपलीच असल्याचे सिद्ध करीत बसावे लागत नाही.