घटसर्प घशातच दबा धरून असतो

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. हिरवा चारा संपलेला, कडबा विकतचा, विहिरी तळाला गेलेल्या. मग मृगाच्या सरी येतात. एका रात्रीत हवा दमट होते, गोठ्यात चिखल होतो. रावेर-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंतच्या पशुपालकांनी सर्वांत सावध राहावं असे हेच दिवस. संध्याकाळी धार दिलेली म्हैस सकाळी वैरणीला तोंड लावत नाही. ताप 105-106 अंश फॅरनहाइट, तोंडाला लाळ, घशाखाली गरम आणि दुखरी सूज, श्वासाला घरघर. पुष्कळ जनावरं एक-दोन दिवसांतच दगावतात. गाईपेक्षा म्हशी जास्त, आणि त्यातही पारड्या-रेडकं. हा घटसर्प. लहान मुलांना होणाऱ्या घटसर्पाचा जीवाणू निराळा.

गावात पहिला प्रश्न असतो, रोग आणला कुणी? बाजारातून आणलेल्या जनावराकडे बोट दाखवलं जातं, आणि ते अनेकदा बरोबरही असतं. पण उत्तर तिथे संपत नाही. ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ हा जीवाणू धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशात, टॉन्सिलमध्ये, महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. उपासमार, लांबची वाहतूक, ओझं, अचानक पालटलेली हवा यांनी जनावराची ताकद खचली की तो वाढतो, श्वासमार्गातून रक्तात उतरतो. मग लाळेतून, नाकाच्या स्रावातून, सगळ्यांच्या एकाच हौदातून शेजारच्या दावणीला पोचतो.

हवामान काय करू शकतं हे 2015 च्या मे महिन्यात कझाकस्तानात दिसलं. विण्यासाठी जमलेली सायगा हरणं सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक संख्येने मेली. जगातल्या सायगांपैकी निम्म्याहून जास्त. कारण हाच जीवाणू. त्याआधीचे दिवस नेहमीपेक्षा उबदार आणि फार दमट होते. म्हणजे घशातला जंतू मोसमाची वाट पाहतो, हे गवताळ माळरानावरही खरं ठरलं.

याच जीवाणूचे भाऊबंद डुकरांच्या फुप्फुसांत सापडतात, आणि खानदेशी गोठ्याने शिकण्यासारखं बरंच डुकरांच्या शेडमध्ये आहे. बंद शेडमध्ये मूत्राचा अमोनिया कोंडतो. श्वासनलिकेच्या आतली, घाण बाहेर ढकलणारी सूक्ष्म केसाळ लव त्याने दुबळी होते. मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू त्या लवेलाच चिकटतो, तिला झडवतो; फ्लूचा विषाणू वाट आणखी मोकळी करतो. पाश्चरेला शेवटी येतो, पण न्यूमोनिया त्याच्यामुळेच बळावतो. म्हणून जाणते वराहपालक औषधाच्या आधी हवा बघतात. गर्दी कमी ठेवतात. पिलांची एक तुकडी एकदम भरतात, एकदम विकतात आणि मधल्या काळात शेड धुऊन, वाळवून रिकामी ठेवतात. वेगवेगळ्या वयाची जनावरं एकत्र कोंबली की मोठ्यांचा जंतू लहानांना मिळत राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हशीच्या गोठ्यात दर मोसमाला सगळी जनावरं बदलता येत नाहीत. पण साप्ताहिक बाजारातून आणलेली म्हैस दोन-तीन आठवडे वेगळी बांधता येते, तिचं पाणी वेगळं ठेवता येतं. पत्र्याखालच्या गोठ्याला वरच्या अंगाला झरोका ठेवता येतो. ओला शेणमुताचा थर रोज काढता येतो. मेमध्ये सावली आणि पुरेसं पाणी दिलं, तर जूनमध्ये अंगात तग धरायला काही उरतं. यातलं काहीच महागडं नाही, तरी हेच आपण सर्वांत जास्त टाळतो.

लशीचं म्हणाल तर तिचा वंश फार जुना आहे. जीवाणूला ज्यांचं नाव मिळालं त्या लुई पाश्चर यांनी 1880 च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर जी क्षीण जंतूंची लस दाखवली, तो जंतूही पाश्चरेला मल्टोसिडाच होता. आज पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत घटसर्पाची लस तयार होते. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पावसाने गाठल्यावर धावपळ करून फारसं साधत नाही. लक्षणं दिसल्यावर प्रतिजैविकं लागू पडतात, पण अगदी सुरुवातीच्या तासांत. घरघर सुरू झाल्यावर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

तेव्हा मेच्या पहिल्या पंधरवड्यातच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, सगळ्या जनावरांना, विशेषतः रेडकांना, लस टोचून घ्या. जनावर आजारी दिसलं, तर 1962 या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.