हुशार मुलं जूनमध्ये शोधा

आमच्या बीड जिल्ह्यात शाळेचं वर्ष दोन तुकड्यांत पडतं. जूनपासून दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला असतो. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॉलीत संसार भरून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि मुलंही फडावर जातात. परततात थेट उन्हाळ्यात. आता हुशार मुलं शोधणाऱ्या सरकारी परीक्षा कधी असतात ते पाहा. एनएमएमएस ही गरीब घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा डिसेंबरात, नवोदयची निवड परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, शिष्यवृत्ती फेब्रुवारीत. तिन्ही ऐन गळीत हंगामात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मी एक प्राथमिक शिक्षिका, आणि या वेळापत्रकाशी माझं जुनं भांडण आहे.

परीक्षांशी मात्र भांडण नाही. त्या नसत्या तर खेड्यातल्या कितीतरी मुलांकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. शिष्यवृत्तीचे दोन पेपर असतात, 150-150 गुणांचे. भाषा आणि गणित यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असते: संख्यामालिका, गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा. ही परीक्षा चौथी-सातवीला घ्यायची की पाचवी-आठवीला, हे सरकार बदलत आलं आहे. नवोदय विद्यालयं 1986च्या राष्ट्रीय धोरणातली. देशातली पहिली दोन सुरू झाली त्यांतलं एक आपल्या अमरावतीतलं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, म्हणून पाचवीचा वर्ग हाती आला की आमच्याकडे पालक आधी नवोदयचंच विचारतात. एनएमएमएस आठवीसाठी आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल तर ती देता येते. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला 1,000 रुपयांप्रमाणे रक्कम खात्यावर जमा होते. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्याकडे तेवढ्यावर एखाद्या मुलीचा एसटीचा पास निघतो, वह्या येतात आणि तिचं लग्न दोन-चार वर्षं पुढं ढकललं जातं.

अडचण अशी की या परीक्षांत हुशारीबरोबर सरावही मोजला जातो. जादा तास, मार्गदर्शक पुस्तकं, सराव प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायची सवय, एवढं मिळालेलं मूल पुढं जातं. ज्याला यातलं काहीच मिळालं नाही त्याची बुद्धी कितीही तल्लख असो, पेपर संपायच्या आत त्याचे प्रश्न संपत नाहीत. मग अशा मुलाला ओळखायचं कुणी? उत्तर ठरलेलं, शिक्षकांनी.

इथे एक जुना अमेरिकी अनुभव सांगण्यासारखा आहे. 1921मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं हुडकायला घेतली. शिक्षकांनी आधी नावं सुचवायची, मग त्या मुलांच्या चाचण्या घ्यायच्या, अशी पद्धत होती. त्यातून टर्मन यांच्या ध्यानात आलं ते असं: वर्गातलं सगळ्यांत बुद्धिमान मूल शोधायचं तर शिक्षकाच्या मतापेक्षा हजेरीपटातली जन्मतारीख बरी, वर्गात जे वयानं सर्वांत लहान असेल ते पाहावं. त्या काळी हुशार मुलांना वरच्या वर्गात ढकलत, त्यामुळे ती वर्गात लहान असत. चाचणीनंही सगळं साधलं नाही. ज्यांना चाचणीत पुरेसे गुण पडले नाहीत म्हणून यादीबाहेर ठेवलं, त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं होती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिक्षकाची नजर कुठे चुकते ते मी शाळेत जवळून पाहिलं आहे. नीटनेटकी वही, वळणदार अक्षर, बोट वर करून उत्तर देणं, बाईंनी सांगितलेलं चोख करणं, या मुलाला आपण हुशार म्हणतो. खरोखर असाधारण मूल बऱ्याचदा याच्या उलट वागतं. काम लवकर उरकतं आणि मग शेजारच्याच्या खोड्या काढतं. दुसरीतल्या एका मुलीला मी 1000 वजा 387 घातलं. तिनं हातचा घेतला नाही, काही मांडलंही नाही, नुसतं 613 लिहिलं. शेजारच्या मुलाचं पाहिलंस का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘बाई, 387ला 13 दिले की 400 होतात. मग हजाराला 600च कमी पडतात.’’ ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. वहीत पायऱ्या नाहीत म्हणून तपासनिसानं गुण कापले असते.

आमची शाळा द्विशिक्षकी. दोन खोल्या, एकेका खोलीत दोन-दोन इयत्ता. अशी शाळा म्हणजे गैरसोयच. पण हुशार मुलाला तिथे एक वाट आपोआप मिळते. मी चौथीला अपूर्णांक शिकवत असायची तेव्हा दुसरीच्या रांगेतलं एखादं मूल आपलं लेखन बाजूला सारून कान देऊन ऐकत असायचं. मूल वयानं कुठल्या का इयत्तेत असेना, ज्या विषयात ते पुढे आहे तेवढ्यापुरतं त्याला वरच्या वर्गात बसवावं, असं शिक्षणशास्त्रही सांगतं. आमच्याकडे त्यासाठी नुसती सतरंजी बदलावी लागायची.

दुसरी वाट म्हणजे त्याच इयत्तेत राहून खोल जाण्याची. दहा वजाबाक्या झाल्या की आणखी दहा देणं ही हुशारीला शिक्षा आहे. त्यापेक्षा देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी 1949मध्ये शोधलेला खेळ द्यावा. चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा 3524. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: 5432 वजा 2345, आले 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, आले 6174. आता यापुढे कितीही वेळा करा, 6174च येतं. कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. मुलं हट्टानं नवी संख्या शोधत बसतात, पाटी भरून वजाबाक्या करतात, आणि एखादं विचारतं, ‘‘असं का होतं बाई?’’ तीन अंकांना काय येतं ते पाहा, असं सांगून मी सरकायची.

शहरात ही कामं संस्थांनी बांधून काढली आहेत. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी 1962मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, ती निरनिराळ्या शाळांतल्या बुद्धिमान मुलांना शाळेबाहेर जास्तीचं काही देण्यासाठी. 1969मध्ये त्यांची स्वतंत्र प्रशाला निघाली. बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेऊन प्रवेश, आणि नंतर प्रकल्प व अभ्यासदौरे. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. लेखी परीक्षेनंतर त्यात प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते, त्यामुळे घोकलेलं तिथे फार पुढं नेत नाही. अशा मुलांना पूरक साहित्य द्या, शाळेपासून जिल्ह्यापर्यंत विषयांची मंडळं काढा, असं 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. आमच्या तालुक्यात असं मंडळ निघायचं तर आधी त्यात बसवायची मुलं कळली पाहिजेत.

ती कळायची कशी? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका मोठ्या शालेय जिल्ह्यानं 2005मध्ये पालकांच्या आणि शिक्षकांच्या शिफारशींची वाट पाहणं सोडलं आणि दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची, फारशी भाषा न लागणारी आकृत्यांची चाचणी घेतली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली निवडलेली मुलं खूप वाढली होती. ती वर्गात आधीपासून होतीच, त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं. पुढे पैशांअभावी हा उपक्रम थांबला तशी ही वाढही ओसरली.

आपल्याकडे हे करायला फार खर्च नाही. ऊसतोड्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघतात. पण कोणतं मूल कशात पुढे आहे याची नोंद कुणाकडेच नसते, म्हणून तिथला मुक्काम जेवणखाणावरच भागतो. जून-जुलैत, पोरं गावात असताना, तिसरीच्या प्रत्येक मुलाला आकृत्यांची एक चाचणी द्यावी. कुणी वगळायचं नाही, शिफारस मागायची नाही. जी पुढं दिसतील त्यांची नावं केंद्रप्रमुखांनी दिवाळीआधी वसतिगृहाच्या अधीक्षकांना कळवावीत, शिष्यवृत्तीचा आणि नवोदयचा सराव तिथेच व्हावा, परीक्षेचं केंद्रही तिथून जवळ असावं. फडावर गेलेल्या मुलांची यादी कारखान्याच्या जवळच्या शाळेला पाठवावी. एवढं झालं तर फेब्रुवारीत परीक्षेला कोण बसलं यावरून नव्हे, वर्गात कोण होतं यावरून हुशारी मोजता येईल.