पुस्तकांतले चिमणराव आणि पडद्यावरचे चिमणराव

मागील पावसाळ्यांत एका रविवारीं, रात्रींचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी पानसुपारी खात बसली असतां आमचा भाचा सहज बोलून गेला, "मामा, चिमणरावांवर आतां पुन्हा एखादा झकास सिनेमा कुणीं तरी काढायला हवा." हे शब्द त्याच्या तोंडांतून बाहेर पडतात न पडतात तोंच जपाची माळ बाजूला ठेवून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "नको रे बाबा! आहेत तसे पुस्तकांत सुखानें राहूं देत त्यांना." भाच्याला या उत्तराचें मोठें नवल वाटलें. कारण चिमणरावांच्या गोष्टी मोठ्यानें वाचून त्याला पहिल्यानें ऐकविणारी हीच आजी! ज्या माणसावर आपला इतका लोभ, त्याचें चित्र झालेलें आपणांस नको कां वाटावें? त्या रात्रीं या प्रश्नावर आमच्या घरीं बराच खल झाला. वाद पुरता मिटला नाहीं. परंतु त्यांतून आम्हांस जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

चिमणरावांचे जनक कै. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) यांची ओळख मराठी वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. ज्यांच्या आयुष्याचा मोठा भाग बडोद्यास गेला आणि ज्यांनीं पाली भाषा व बौद्ध वाङ्मय यांचा व्यासंग केला, अशा या विद्वान गृहस्थानें मराठी पांढरपेशा कुटुंबास एक जन्माचा सोबती दिला. प्रकृतीनें किरकोळ, मनानें भित्रे, परंतु आपण मोठे व्यवहारचतुर आहों अशी मनोमन खात्री असलेले चिमणराव. त्यांच्या पाठीशीं सोटा घेऊन सदैव सज्ज असलेला गुंड्याभाऊ. आणि घरांत काऊ, मोरू, मैना अशी सारी पांखरांची वसाहत! हीं माणसें आपल्या नात्यांतलीं नाहींत, हें लक्षांत येण्यास पुष्कळांना बरींच वर्षें लागलीं असतील.

अशा माणसांना पडद्यावर आणावयाचें म्हटलें, कीं जुन्या वाचकांच्या जिवाची घालमेल होते. पहिली भीति चेहऱ्याची. प्रत्येकानें आपआपल्या मनांत चिमणरावांचें नाक, डोळे, कपडे ठरवून ठेविलेले असतात. त्यांवर कोणी परका नट आपलें तोंड आणून चिकटविणार! दुसरी भीति आधुनिकीकरणाची. चिमणरावांच्या हातीं मोबाइल देऊन त्यांना मोटार हांकावयास लावलें, तर ते चिमणराव राहतील काय? तिसरी भीति अशी, कीं जेथें ओठांतल्या ओठांत हंसावयाचें, तेथें दिग्दर्शक पेक्षकांस गदगदां हंसविण्याच्या नादीं लागेल आणि दर पांच मिनिटांनीं कोणी ना कोणी पाय घसरून पडेल. या तिन्ही भीति खोट्या नाहींत. परंतु आमच्या मतें त्या वरवरच्या आहेत. खरी भीति त्यांच्याखालीं दडलेली आहे, आणि ती आहे आवाजाची.

चिमणरावांच्या गोष्टी चिमणराव स्वतःच सांगतात. यांतच त्यांच्या विनोदाची सारी किल्ली आहे. आम्हींच एक कल्पित उदाहरण घेतों. समजा, एक गृहस्थ सांगत आहेत: "अंधारांत खुडबुड ऐकूं आली. मी मुळींच घाबरलों नाहीं. थंडी फार असल्यामुळें गुडघे एकमेकांवर आपटत होते, एवढेंच. चोराशीं समोरासमोर सामना करणें शास्त्रशुद्ध नसल्यानें मी पांघरुणांतून त्याच्या हालचालींवर नजर ठेविली." हें वाचतांना सांगणारा कोठेंही आपला भित्रेपणा कबूल करीत नाहीं; तो आपण ओळखतों. त्याच्या भारदस्त भाषेच्या फटींतून खरा प्रकार आपणांस दिसतो, आणि आपल्याला तो दिसला याचा पत्ता त्या बापड्याला नसतो. हंसूं येतें तें याच गुपिताचें.

आतां हाच प्रसंग पडद्यावर घ्या. एक मनुष्य पांघरूण ओढून थरथर कांपतांना दिसतो. प्रेक्षक हंसतात, नाहीं असें नाहीं. परंतु "थंडी" कोठें गेली? "शास्त्रशुद्ध" कोठें गेलें? पुस्तकांत जें आपण शोधून काढलें, तें येथें कॅमेऱ्यानें अगोदरच उघडें करून ठेविलें. मागून सांगणाऱ्याचा आवाज ऐकवूनही हें न्यून पुरतें भरून निघत नाहीं. कारण शब्द आणि सत्य यांतील अंतर आपण तोडण्यापूर्वींच चित्र तें तोडून टाकतें. ज्यांना चिमणरावांचा चित्रपट नको असतो, त्यांना बहुधा हेंच म्हणावयाचें असतें; शब्द सांपडत नाहींत म्हणून ते नटाच्या नाकावर राग काढतात.

इतकें असूनही चिमणराव पडद्यावर एकदां नव्हे, अनेकदां आले. १९४० सालीं मास्टर विनायक यांनीं 'लग्न पहावें करून' हा बोलपट काढला. कथा खुद्द चिं. वि. जोशी यांचीच, चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. पाठोपाठ १९४२ सालीं 'सरकारी पाहुणे' आला. एक किडकिडीत आणि एक धिप्पाड अशी जोडी कॅमेऱ्यास नेहमींच प्रिय असते. त्यामुळें गुंड्याभाऊचें काम सोपें होतें. त्याचा सोटा दिसला कीं तो दिसला. अवघड काम दामुअण्णांचें. त्यांची नजर तिरळी होती, हें मराठी प्रेक्षकांस ठाऊकच आहे. ते नेमके कोणीकडे पाहात आहेत हें समोरच्यास सहसा उमगत नसे. आम्हांस तर असें वाटतें, कीं पुस्तकांतील निवेदनाची उणीव या नजरेनेंच थोडीबहुत भरून काढली. पुस्तकांत चिमणरावांचे शब्द एका दिशेस आणि वस्तुस्थिति दुसऱ्या दिशेस पाहात असते. येथें डोळेच तसे होते!

पुढें सुमारें पस्तीस वर्षें लोटलीं. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' ही मालिका सुरू झाली. त्या वेळीं घरच्या पडद्यास रंगही आलेला नव्हता. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. आणि १९७९ सालीं 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही निघाला. मालवणकरांच्या चिमणरावांवर ज्यांचा जीव, त्यांतील कित्येकांनीं प्रथम नाकें मुरडलीं असतील. परंतु पुढच्या पिढीस चिमणराव म्हटलें कीं प्रभावळकरच दिसूं लागले. मालिकेस एक मोठी अनुकूलता होती. ती घरांत, सहकुटुंब, एकेका छोट्या गोष्टीच्या बेतानें पाहावयाची असे. म्हणजे मासिकांतील गोष्ट घरांत जशी वाचली जाई, बहुतेक तशीच. तीन तासांच्या चित्रपटास एक सलग कथानक लागतें, आणि तें जुळवितांना चिमणरावांच्या आयुष्यांतील बिनमहत्त्वाच्या गोष्टी गळून जातात. वास्तविक त्यांचें सारें आयुष्य बिनमहत्त्वाच्या गोष्टींचेंच झालेलें आहे!

हें दुखणें केवळ आपलें नव्हे. बेल्जम देशांत एर्जे नांवाच्या चित्रकारानें १० जानेवारी १९२९ रोजीं एका वर्तमानपत्राच्या बालपुरवणींत टिनटिन नांवाचा एक तरुण बातमीदार चित्रमालिकेच्या रूपानें जन्मास घातला. डोळ्यांच्या जागीं दोन काळे ठिपके, कपाळावर उभी झुलपी, संगतीला पांढरा कुत्रा. एवढ्या भांडवलावर त्यानें जग जिंकलें. १९६१ सालीं जिवंत नट घेऊन त्याचा चित्रपट झाला. एर्जे १९८३ सालीं वारला. आणि २०११ सालीं स्टीव्हन स्पिलबर्ग यांनीं नटांच्या हालचाली यंत्रानें टिपून, त्यांवर संगणकानें देह चढवून टिनटिन पडद्यावर आणला. पुष्कळांना तो रुचला. परंतु कांहीं जुन्या भक्तांना त्या चेहऱ्याकडे पाहून चुकल्यासारखें झालें. कारण उघड आहे. दोन ठिपक्यांच्या त्या चेहऱ्यांत कोणाही मुलाला आपला चेहरा घालतां येत असे. ठिपक्यांना बुबुळें आलीं, गालांवर कातडी आली, आणि ती जागा भरून गेली. टिनटिनला चेहरा होता, तो रेघांपुरता; चिमणरावांना आवाज आहे, तो कागदापुरता. वाचकासाठीं मोकळी ठेविलेली जागा चित्रपट भरून टाकतो, हीच दोघांच्याही चाहत्यांची तक्रार.

परंतु चिमणरावांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. चिमणराव "मी" म्हणून बोलतात, आणि वाचणाराही मनांत तोच "मी" उच्चारतो. त्यांची प्रतिष्ठेची धडपड, साहेबापुढची त्रेधा, घरांत गाजविलेलें आणि बाहेर गिळलेलें शौर्य, हें सारें वाचतांना आपली कबुली आपणच देतों. आमच्यासारख्या घरांना स्वतःस हंसावयास शिकविण्याचें कार्य या गोष्टींनीं केलें. आवाज काढून घेतला आणि उरला नुसता पोषाख, तर प्रेक्षक हंसतील तें "त्या काळच्या विचित्र पुणेकरांस", आपणांस नव्हे. धोतराच्या निऱ्या सुटल्या म्हणून हंसणें सोपें आहे. आपलाच मोठेपणा सुटतांना पाहून हंसणें अवघड. आणि तेंच हरवेल अशी आमच्या मातोश्रींची भीति होती, असें आम्हांस आतां वाटतें.

तेव्हां चिमणरावांस पडद्यावर आणूं इच्छिणारांस आमचें सांगणें इतकेंच, कीं नाक-डोळ्यांची चिंता करूं नये. दोनदां नवे चेहरे आले आणि दोन्ही वेळां लोकांनीं ते आपले म्हटले. चिंता करावयाचीच तर ज्याची मुद्रा गंभीर राहील आणि ज्याला आपण हास्यास्पद आहों याची पुसटही शंका येणार नाहीं, अशा नटाची करावी. प्रेक्षकांस शोधण्यास कांहीं तरी शिल्लक ठेवावें. आणि चाहत्यांनींही हें ध्यानांत ठेवावें, कीं दोन पिढ्यांचे पडदे पाहूनही पुस्तकाचें एक अक्षर पुसलें गेलेलें नाहीं. तें पुसलें जाईल तें घरांत कोणी मोठ्यानें वाचेनासें झालें म्हणजे.

त्या रात्रीं वाद संपेना, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं भाच्यास कपाटांतून 'चिमणरावांचें चऱ्हाट' काढावयास सांगितलें. चष्मा सांपडेना, म्हणून वाचण्याचें काम त्याच्याकडेच आलें. प्रथम तो नटासारखे हातवारे करून वाचूं लागला, कोणी हंसेना. "अरे, सरळ वाच. त्यांना त्यांत कांहींच गंमत वाटत नाहींये," मातोश्री म्हणाल्या. मग तो अगदीं साध्या, गंभीर आवाजांत वाचूं लागला, आणि दुसऱ्याच पानावर त्याला स्वतःलाच पुढें वाचवेना. त्याला चित्रपट काढावयाचा असेल तर तो खुशाल काढो; सुरुवात तर योग्य ठिकाणाहून झाली आहे.