गवत कापणीआधी विळा, ताडपत्री आणि आभाळ



नवरात्र सरत आलं की कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत माळावरचं गवत पिवळं पडायला लागतं. हळवं भातही तेव्हाच कापणीला येतं, आणि परतीचा पाऊस नेमका त्याच दिवसांत गाठतो. कामं दोन, माणसं तीच. गवताचं जास्त नुकसान कापताना होत नाही. कापलेलं गवत उचलायला हात कमी पडतात आणि वरून सर येते, तेव्हा होतं.

म्हणून हिशोब उलटा करायचा. आज किती कापता येईल हे विचारू नका. पाऊस यायच्या आत किती वाळवून उचलता येईल, तेवढंच कापा. उभं गवत भिजलं तर उन्हात पुन्हा सुकतं. कापून पसरलेलं अर्धं वाळलेलं गवत भिजलं की काळं पडतं, त्याला वास येतो, आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो.

भारतीय हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ही सरासरी आहे, हमी नाही. आपल्या घाटाच्या पायथ्याला त्यानंतरही दुपारी गडगडाट होतो. खात्याच्या ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत कृषी सल्लाही येतो. गटातल्या एकीने सकाळी घरीच बघून सगळ्यांना सांगावं, कारण माळावर रेंज मिळेलच असं नाही. आणि आजी म्हणाली “आज उकाडा वेगळाच आहे”, तर ॲप काही म्हणो, त्या दिवशी कमीच कापा.

रोजचा क्रम असा बसतो. दव उडाल्यावर कापायला घ्या, पातळ पसरा, उन्हात एकदा उलटवा. आदल्या दिवशीचं वाळलेलं गवत दुपारी आभाळ भरायच्या आत भारे बांधून ताडपत्रीखाली. कुसळी गवत मात्र फुलोऱ्यातच कापा. कुसळं पिकून टोचायला लागली की जनावराच्या तोंडाला जखमा होतात.

आता अवजारं. दसऱ्याला विळ्याची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी लोहार शोधत फिरायचं, हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पाड्यावर होतं. घटस्थापनेआधीच धार लावून घ्या, मूठ हलते का बघा. बोथट विळ्याला जोर जास्त लागतो, तो घसरतो आणि बोटावर येतो. दातेरी विळ्याला साध्या विळ्यासारखी घासून धार लावू नका, दात जातात. दात झिजले की नवा घ्या.

ग्रास कटर भाड्याने आणणार असाल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं की वेगळं घालायचं, हे मालकाला आधी विचारा. मशीन दोन प्रकारची असतात, चुकीचं भरलं तर इंजिन बसतं. मागच्या वर्षीचं पेट्रोल टाकीत असेल तर काढून टाका, एअर फिल्टर झटका, पात्याचा नट घट्ट करा. चालवणारीने चष्मा आणि बूट घालायचेच. बाकीच्या पंधरा मीटर लांब, कारण पात्याखालचा दगड गोळीसारखा उडतो. खडकाळ उतारावर माझं मत विचाराल तर विळाच बरा.

ताडपत्री उन्हासमोर धरून भोकं बघा. नवी घ्यायची तर तीन-चार घरांत एक, गटाच्या अंतर्गत कर्जातून परवडते.

गंजी रचायची घाई करू नका. मूठभर गवत पिळून बघा. काडी कडकन मोडली तर वाळलं, नुसती वाकली तर अजून ओल आहे. ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं, बुरशी धरतं, कधी कधी पेटही घेतं. शंका आली तर लोखंडी सळई गंजीत खुपसून थोड्या वेळाने काढा. हाताला चटका बसला तर गंजी उघडून गवत पसरा. बुरशीचं गवत गाभण म्हशीला घालूच नका.

सगळ्यात महत्त्वाचं, वीज. चमकल्यापासून गडगडेपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर भारा तिथेच टाका आणि पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. घर लांब असेल तर विळे बाजूला ठेवा, एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडव्या बसा. आडव्या पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास माळावर परत जायचं नाही. मुकादम ओरडला तरी नाही. हे कामाच्या पहिल्याच दिवशी, मजुरी ठरवताना त्याला सगळ्यांनी मिळून सांगून ठेवा.

सप्टेंबरच्या बैठकीत विळे आणि ताडपत्र्या मोजून घ्या, आणि सकाळचा अंदाज कोण बघणार तिचं नाव वहीत लिहा.