सायकल, सह्याद्री आणि पाणी

बसा पोरांनो, नकाशा इथे सतरंजीवर पसरा. साताऱ्याहून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, तिथून खाली बामणोली, बामणोलीहून लाँचने तापोळा, तापोळ्याहून घाटाने महाबळेश्वर, मग पाचगणी, पसरणीचा घाट उतरून वाई आणि वाईहून परत सातारा. कसलेले सायकलवाले दोन दिवसांत हा फेरा पुरा करतात. तुम्ही तीन दिवस घ्या. दादा म्हणेल, गाडीने एका दिवसात होतं की! होतं. पण गाडीत चढ इंजिनाला कळतो. सायकलवर तो पिंढऱ्यांना कळतो, आणि या वाटेवरच्या प्रत्येक चढाला, प्रत्येक सपाटीला काहीतरी कारण आहे. आधी आगीने हा डोंगर रचला, मग पाण्याने तो कोरला. तीच गोष्ट आज सांगतो.

यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय, तिथे पाणी प्यायला थांबा आणि खडकाकडे बघा. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगरही नव्हता आणि दरीही नव्हती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. चित्रात दाखवतात तशी शंकूच्या टोकातून उसळणारी आग ही नव्हे. हा लाव्हा पातळ होता. तो उतू गेला, मैलोनमैल पसरला आणि थिजला. त्याच्यावर माती धरली, मग पुन्हा भेग, पुन्हा लाव्हा. मधल्या मातीवर नवा लाव्हा आला की ती भाजून निघायची, म्हणून काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे लाल पट्टा दिसतो. असे थरावर थर बसत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड आहे. आपले किल्ले, आपल्या विहिरी, आपली काळी माती, सगळं त्यातूनच आलेलं आहे.

काही थर घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेले. भोकांचे थर लवकर झिजतात, घट्ट थर उभे राहतात. म्हणून सह्याद्रीच्या अंगावर कडा, उतार, कडा, उतार असा क्रम दिसतो. घाट चढताना मधेच थोडी उसंत मिळते आणि मग पुन्हा छाती फुटायची वेळ येते.

चिऊ, तू विचारलं होतंस की सायकल चालवताना एवढा घाम का येतो. आपण खातो त्या अन्नातली साधारण चौथाई शक्तीच पॅडलपर्यंत पोचते. उरलेली तीन चतुर्थांश उष्णता होते आणि ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. भादव्यातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून सोपा चढही जड वाटतो. तेव्हा हलका गिअर टाकायचा आणि पाय एका लयीत फिरवत राहायचं. गिअर काम कमी करत नाही, बरं का. तेवढंच काम तो थोडं थोडं करून घेतो.

आता कास. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच. घाटमाथ्यावर आलात की एकदम सपाट होतं आणि झाडं गायब होतात. एवढ्या पावसाच्या मुलखात उघडं माळरान का? कारण पायाखाली आता बेसॉल्ट नाही, जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने वरच्या बेसॉल्टमधली सिलिका विरघळवून धुऊन नेली. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं, म्हणून रंग तांबूस. या जांभ्यावर माती जेमतेम काही बोटं जाड. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी काय जगेल? कोणीही म्हणेल, काही नाही. आणि तिथेच फुलझाडांच्या सुमारे ८५० जाती नोंदल्या आहेत! २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घोषित केली, त्यांत कास आहे.

युक्ती अशी की ही झाडं पावसाच्या चार महिन्यांतच आयुष्य उरकतात. जून-जुलैत उगवायचं, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलायचं, बी धरायचं आणि मग बी किंवा कंद होऊन पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहायचं. घाई असते म्हणून सगळी एकदम फुलतात, आणि सगळी एकदम फुलली की मधमाश्याही तिकडे लोटतात. पंधरा दिवसांनी गेलात तर पठाराचा रंग बदललेला असतो. आज गुलाबी तेरडा, मग पिवळी सोनकी, कुठे गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांची चादर. डबक्यांत वायतुरा दिसेल, दोन फाटे फुटलेल्या तुऱ्याचा. तो या भागातल्या अशा पठारांवरच उगवतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही.

पण मला सर्वांत जास्त माया आहे ती सीतेच्या आसवांची. निळं-जांभळं, नखाएवढं फूल. ओलसर जमिनीवर लाखांनी उमलतं. दिसायला इतकं गरीब, आणि आहे शिकारी! मातीतलं सगळं सत्त्व पाऊस धुऊन नेतो, त्यामुळे नत्र आणि स्फुरद मिळणं कठीण. मग या झाडाने सोय केली. त्याच्या मुळासारख्या दिसणाऱ्या तंतूंवर मातीच्या ओलीत अगदी बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी हळूहळू बाहेर टाकते, तिच्या भिंती आत खेचल्या जातात, दाबून धरलेल्या औषधाच्या ड्रॉपरसारख्या. तोंडावर झडप आणि झडपेवर केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप उघडते, पाणी भसकन आत जातं आणि त्याबरोबर तो जीवही. याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. डोळ्याची पापणी मिटायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मग पिशवी तो जीव पचवते, नत्र काढून घेते आणि पुन्हा पाणी उपसायला लागते. वर मात्र फूल आपलं वाऱ्यावर डुलत उभं! जवळच दवबिंदू असतो, तोही कीटक खाणारा. त्याची तऱ्हा वेगळी. पानावरच्या लालसर केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. कीटक पाणी समजून येतो आणि अडकतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवायची, पठारावर एक पाऊलभरही घालायची नाही. ती काही बोटं माती तयार व्हायला किती काळ लागला ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. चाकाने एक चर पडला की पुढचा पाऊस त्यातूनच वाहतो आणि माती कायमची जाते. फोटोसाठी फुलात जाऊन लोळणारे लोक पाहिले की माझ्या जिवाची तगमग होते.

कासच्या तलावाजवळ थोडं थांबा. साताऱ्याला पाणी देणारा तलाव आहे हा, शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. मग बामणोलीपर्यंत उतारच उतार. तिथे लाँचवाल्यांशी बोलून सायकली वर चढवा.

ज्या पाण्यावरून तुम्ही जाल तो शिवसागर, म्हणजे अडवलेली कोयना. खाली जुनी गावं आहेत, शेतं आहेत. धरण बांधलं तेव्हा तिथली माणसं घरदार सोडून दूर गेली. तुम्हाला वीज मिळते तेव्हा त्यांची आठवण ठेवा. या पाण्याची एक नवलाई आहे. कोयना स्वभावाने पूर्वेची. कऱ्हाडला कृष्णेला मिळायचं आणि बंगालच्या उपसागराला जायचं. पण धरणातलं बरंचसं पाणी माणसाने बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. ते पोफळीकडे शेकडो मीटर खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं, वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. एकाच तलावातले दोन थेंब दोन समुद्रांना!

दादा, ११ डिसेंबर १९६७ ही तारीख लिहून ठेव. त्या पहाटे कोयनेला सहापेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. साठवलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेलं पाणी यांनी खोल दबलेला ताण मोकळा केला, असं शास्त्रज्ञ मानतात. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचं हे जगातलं फार अभ्यासलेलं उदाहरण आहे. पुढे त्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सव्वा किलोमीटर आपला तोच लाव्हा, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटसारखा खडक.

तापोळ्याहून महाबळेश्वर म्हणजे जवळजवळ ७०० मीटर चढ. भरलेल्या तलावाची पातळी सुमारे ६६० मीटर आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात. पोटभर जेवून निघा. वर जाल तशी हवा गार होत जाते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने. समुद्रावरून आलेल्या वाऱ्यालाही हाच घाट चढावा लागतो. चढताना तोही गारठतो, त्यातली वाफ थेंब होते आणि माथ्यावर कोसळते. महाबळेश्वरला पावसाळ्यात सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरच्याचं डोकं बुडेल!

जंगल आता दाट होतं. जांभूळ, हिरडा, अंजनी. वाऱ्यामुळे आणि पातळ मातीमुळे झाडं ठेंगणी, पण बाराही महिने हिरवी. खोडांवर करडे पापुद्रे दिसतील, ते दगडफूल. आजी गोडा मसाल्यात घालते तेच! ही एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा भागीदारीतला संसार आहे तो. बुरशी घर देते, शैवाल उन्हातून अन्न करतं. धुराची हवा बहुतेक दगडफुलांना सोसत नाही. जिथे ती भरपूर, तिथे निश्चिंत मनाने खोल श्वास घ्या.

उतारावर कारवी असेल. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती तुमच्या पणजीच्या घरी होत्या. ही सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग सगळ्या डोंगराची कारवी एकाच वर्षी फुलते, बी टाकते आणि मरते. एकदम एवढं बी पडलं की खाणाऱ्यांना संपवता येत नाही, उरलेलं रुजतं. गर्द सावलीतून कोणी माणसासारखी शीळ घातली तर वळून बघू नका, तो शीळकरी कस्तूर. आणि वर फांदीवर लांब झुपकेदार शेपटी लोंबताना दिसली तर सायकल हळूच थांबवा. आपला राज्यप्राणी शेकरू तिथेच असेल.

महाबळेश्वरला पश्चिमेच्या कड्यावर जा. खाली कोकण आणि सावित्रीचं खोरं. भारताच्या पश्चिमेचा भूभाग लाव्हाच्या त्या काळानंतर तुटून दूर गेला, सेशेल्स बेटं त्याच तुकड्यातली. म्हणून या बाजूला सरळ कडा आणि पूर्वेला सावकाश उतार. इथून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर. पण या डोंगरावर उगम पावलेली कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री मात्र कड्यावरून उडी घेऊन घटकेत समुद्र गाठते.

पाचगणी तिथून वीसेक किलोमीटर. तेवढ्यात पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, कारण वारा माथा ओलांडून उतरू लागला की पुन्हा तापतो आणि ढग विरतात. वाईला तर वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरही होत नाही. पसरणीच्या घाटात हे उघड दिसेल. मागे हिरवा डोंगर, पुढे ज्वारी-हळदीचा मुलूख.

या घाटात साडेपाचशे मीटरहून जास्त उतरायचं आहे. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. नुसत्या ब्रेकवर हळूहळू उतरलात तर रिमला आणि ब्रेकच्या गुटख्यांना जी उष्णता मिळते, तिच्यात लिटरभर गार पाणी उकळेल. म्हणून ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. दोन-तीनदा थांबून रिम गार होऊ द्यायचं. सप्टेंबरच्या शेवटी निघा, तेव्हा कासला फुलं असतात आणि घाटात पावसाचा जोर ओसरलेला असतो. दादा, पुढच्या ब्रेकचे गुटखे झिजलेत, ते आजच बदलून आण.