सरकत्या वाळूचे हौशी मोजणीदार

ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात कारकुनी करणारा एक गृहस्थ सुट्टी मिळाली की कागद मिटून समुद्र गाठीत असे. त्याचे नाव अर्स्किन चिल्डर्स. १८९७ साली त्याने ‘व्हिक्सन’ नावाची जुनी होडी घेतली आणि जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या फ्रिशियन बेटांमधून तो हिंडला. ओहोटी लागली की या बेटांमागचा समुद्र मैलोगणती उघडा पडतो आणि वाळूच्या पट्ट्यांमधून नागमोडी जाणाऱ्या पाण्याच्या अरुंद वाटा तेवढ्या शिल्लक राहतात. या अनुभवावर त्याने १९०३ साली ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी लिहिली. लहानशा होडीतून या वाटांची खोली मोजीत जुने नकाशे दुरुस्त करणारे दोन हौशी इंग्रज तरुण हे तिचे नायक होत. त्यांतील एक परराष्ट्र खात्यातील कारकून आहे, हे या ठिकाणी मुद्दाम सांगावयास हवे.

पुढे १९१० साली बोर्कुम बेटाच्या परिसरात टेहळणी करणाऱ्या ट्रेंच आणि ब्रँडन या दोघा ब्रिटिश अधिकाऱ्यांना जर्मनांनी पकडले आणि लाइपझिगच्या न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा ठोठावली. किनाऱ्यालगतच्या पाण्याची खोली हे ज्ञान सरकारांना किती मोलाचे वाटते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. मात्र तेच ज्ञान ज्यांना रोज जीव मुठीत धरून वापरावे लागते, त्या लहान होडीवाल्यांना ते ताजे मिळावे याविषयीची सरकारी आस्था तितकीशी दिसत नाही.

यामागे दुष्टपणा नाही, हिशेब आहे. समुद्राची मोजणी खर्चाची असते. ज्या मार्गाने मोठी जहाजे जातात तो मार्ग वारंवार मोजला जातो. आडवाटेच्या खाडीची पाळी वर्षानुवर्षे येत नाही. वाळू तर कोणाच्या पाळीची वाट पाहत नाही. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या विशाल मुखात लाँग सँड, सन्क सँड, गनफ्लीट, केंटिश नॉक असे वाळूचे लांबलचक पट्टे बोटांसारखे पसरलेले आहेत. १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलँड’ हे जहाज यांपैकी केंटिश नॉकवरच आदळून फुटले. या पट्ट्यांना छेद देणाऱ्या उथळ वाटा लाटांनी आणि प्रवाहांनी सरकतात, बुजतात, दुसरीकडे उघडतात. सफक परगण्यातील डेबेन नदीच्या मुखावरचा वाळू-गोट्यांचा दांडा तर हिवाळ्यातील एका वादळानेही रूप पालटतो आणि वाट दाखविणारी पिंपे त्यानुसार हलवावी लागतात. अशा ठिकाणी गेल्या काही दशकांत हौशी नाविक पुढे आले. वसंतात आपल्या छोट्या होड्या घेऊन त्यांनी या वाटा मोजल्या आणि ताजे नकाशे इतरांच्या हाती दिले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. पूर्वी तळाशी चरबी भरलेला शिशाचा गोळा दोरीने सोडीत; दोरीवरून किती वाव पाणी ते कळे आणि चरबीला चिकटून आलेल्या वाळूवरून वा चिखलावरून तळाची जात समजे. आता होडीखालचे यंत्र ध्वनी सोडते आणि तळावर आपटून तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढते. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे पंधराशे मीटर वेगाने जातो. उपग्रहांच्या साह्याने होडीचे स्थानही कळते. तेव्हा उरले काय, असे एखाद्यास वाटेल. उरते ते खरे काम. यंत्राने १.८ मीटर दाखविले आणि यंत्र स्वतः पाण्याखाली ०.४ मीटर असले, तर खोली २.२ मीटर झाली. परंतु त्या क्षणी भरतीचे पाणी नकाशाच्या आधारपातळीहून, म्हणजे अगदी नीच ओहोटीच्या पातळीहून, १.९ मीटर वर असेल, तर नकाशावर लिहावयाचा आकडा केवळ ०.३ मीटर. आता वारा आणि हवेचा दाब यांमुळे भरतीचे पाणी कोष्टकातील आकड्याहून सहज वीस-तीस सेंटिमीटर चढते-उतरते. दाब एक मिलिबारने घटला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते. म्हणजे चूक आणि उत्तर एकाच मापाचे! म्हणून जाणता हौशी किनाऱ्यावर पट्टी रोवून भरती स्वतः वाचतो, यंत्राचा आकडा काठीने पडताळतो आणि पट्ट्याला आडव्या रेघा मारीत मोजतो. हे सारे तो भरती चढत असतानाच करतो, कारण ओहोटीत होडी रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत तेथेच बसावे लागते.

चुकीचा आकडा हा कोऱ्या नकाशाहून घातक, असा आक्षेप व्यावसायिक मोजणीदार घेतात आणि तो रास्तच आहे. कोऱ्या जागी नाविक बिचकतो; आकडा दिसला की विश्वासतो. परंतु हा आक्षेप निष्काळजीपणाला लागू पडतो, हौसेला नव्हे. सर्वेक्षणाची तारीख न छापलेला सरकारी नकाशाही सरकत्या वाळूवर तितकाच फसवा. शिवाय आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेनेच २०१४ पासून अशा स्वयंसेवी मोजणीला शिस्त लावण्याचे काम हाती घेतले. जगातील समुद्रतळाचा जेमतेम चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग आधुनिक पद्धतीने मोजला गेला असताना सोवळेपणा परवडणारा नाही, हे तिने ओळखले असावे.

कोकणात हा प्रश्न परका नाही. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे पावसाळ्यातील पूर आणि नैर्ऋत्येच्या लाटा मिळून वाळूची उलथापालथ करतात. गोव्यात मांडवीच्या मुखावरील आग्वादचा दांडा पावसाळ्यात इतका धोक्याचा होई की लोहखनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीकडे वळवावे लागत. २०१७ च्या जुलैत याच मुखाशी मिरामारजवळ एक कॅसिनो जहाज वाळूत रुतले. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत खाडीचे मुख बदलते. बंदी उठल्यावर पहिली होडी बाहेर काढणारा तांडेल देऊळ आणि माड एका रेषेत धरून जुन्या वाटेने निघतो, तेव्हा ती वाट तेथे असेलच असे नाही. तो लाटेचा रंग आणि फुटण्याची जागा पाहून नवी वाट काढतो. हे ज्ञान अस्सल आहे. पण ते त्याच्याबरोबर घरी जाते, कागदावर येत नाही.

किनाऱ्यालगतच्या एखाद्या महाविद्यालयातील भूगोलाचा अध्यापक, चार विद्यार्थी, एक तांडेल आणि त्याची होडी एवढ्यावर एका खाडीचे मुख मोजता येण्याजोगे आहे. आवश्यक ती परवानगी घ्यावी, सुरक्षाजाकिटे असावीत, तांडेलाने नको म्हटले की परतावे. पहिली मोजणी मे महिन्यात, पाणी शांत असताना करावी. दुसरी बंदी उठताच, लाटा उतरल्याच्या पहिल्या दिवशी. दोन्ही कागद तारखांसह मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले, तर नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडणाऱ्या होड्यांना निदान वाळू कोणीकडे सरकली ते दिसेल.