हुदहुदची घरव्यवस्था

शाळेच्या क्रीडांगणावर, एखाद्या कचेरीच्या हिरवळीवर अथवा खळ्याच्या कडेला, डोक्यावर तुरा मिरवीत आणि लांब बाकदार चोचीने माती टोचीत फिरणाऱ्या पक्ष्याला पुष्कळ सुशिक्षित मंडळीही 'सुतार' म्हणून मोकळी होतात. परंतु सुतारपक्ष्याचा सगळा व्यवहार वृक्षाच्या खोडाशी आणि या महाशयांचा जमिनीशी, एवढे एक लक्षण ध्यानात ठेवले तरी हा घोटाळा टळावा. हा हुदहुद. जीवशास्त्राच्या दप्तरात लिनीयसने १७५८ साली 'उपुपा इपॉप्स' या नावाने त्याची नोंद केली, आणि अलीकडच्या वर्गीकरणाने त्याला धनेशाच्या भाऊबंदांत नेऊन बसविले आहे. वरकरणी हे नाते कोणाला पटावयाचे नाही. त्याच्या घरात डोकावले म्हणजे ते इतके परके वाटत नाही.

आकाराने तो साळुंकीहून थोडा मोठा. अंग फिकट बदामी, पंखांवर व शेपटीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ठळक आखणी, आणि मस्तकावर काळ्या टोकांच्या पिसांचा तो प्रसिद्ध तुरा. एरवी हा तुरा मागे मिटलेला असल्यामुळे, पुढे चोच नि मागे तुरा अशी डोक्याची आकृती थेट कुदळीसारखी दिसते. जमिनीवर उतरताना किंवा काही संशय आला असता मात्र तो क्षणभर पुरता उलगडतो. अशा राजस वेषामुळेच की काय, दरबारातही त्याची वर्णी लागली: कुराणातील कथेत सुलेमान बादशहा पक्ष्यांची हजेरी घेत असता हुदहुद गैरहजर आढळतो, आणि शिक्षेची भाषा चालली असतानाच सबाच्या राणीची खबर घेऊन रुजू होतो. इस्रायलने २००८ साली त्याला राष्ट्रीय पक्षी ठरविले.

चोच ही त्याची खरी दौलत. भुसभुशीत जमिनीत ती खोलवर खुपसल्यावर, सभोवार माती दाटलेली असतानाही, ती उघडता यावी अशी त्याच्या मस्तकातील स्नायूंची रचना आहे. म्हणून तो आतल्या आतच किडा चिमटीत धरतो. जीभ आखूड असल्याने भक्ष्य बाहेर काढून, मोठे असल्यास जमिनीवर आपटून त्याचे पाय-पंख झाडून, हवेत उडवून घशात झेलावे लागते. भुंग्यांच्या अळ्या, कोश, मातीत बिळे करणारे किडे हा त्याचा नित्याचा शिधा. हुमणीने जेरीस आलेल्या शेतकऱ्याने तरी या बिनपगारी चाकराला हुसकावू नये.

इतका ऐटबाज पक्षी घरात मात्र विलक्षण घाणेरडा, अशी त्याची जुनी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. आपल्याकडे बहुधा फेब्रुवारी ते मे या काळात झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात मादी अंडी घालते आणि पंधरा ते अठरा दिवस एकटीच उबवीत बसते. नर बाहेरून घास आणून भरवितो. धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, ही दार उघडे ठेवते, एवढेच. त्या दाराशी नाक नेणाऱ्याला कुजलेल्या मांसाचा दर्प येतो, आणि त्याचे खापर बहुधा गृहिणीच्या आळसावर फुटत असे.

स्पेनमधील संशोधकांच्या तपासणीतून निराळाच निकाल निघाला. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून एरवी पांढरा, निर्गंध स्राव येतो. उबविणाऱ्या मादीच्या आणि पिलांच्या ग्रंथीत मात्र एंटेरोकॉकस वर्गाचे जिवाणू वस्ती करतात, स्राव तपकिरी व दुर्गंधी होतो, आणि हे जिवाणू जी द्रव्ये निर्माण करतात ती रोगकारक व पिसे कुजविणाऱ्या इतर जिवाणूंना मारक ठरतात. मादी हा स्राव चोचीने अंड्यांना माखते. आणि नवलाची गोष्ट अशी की, या अंड्यांच्या कवचावर, इतर पक्ष्यांच्या अंड्यांत सहसा न आढळणारे, असंख्य सूक्ष्म खळगे असतात व त्यांत तो भरून राहतो. नुकतीच घातलेली निळसर-राखी अंडी म्हणूनच लवकर मळकट तपकिरी होतात. ज्या कवचांवर हे जिवाणू अधिक दाट, त्यांतून पिले निघण्याचे प्रमाणही अधिक आढळले. गृहिणीवरील आरोप अर्थातच खारीज करावा लागतो.

पिलांचा बंदोबस्त आणखी कडक. ढोलीत कोणी शिरू पाहिले तर ती फुत्कार टाकतात, चोचीने टोचतात, आणि पाठ फिरवून पातळ विष्ठेची पिचकारी नेमकी शत्रूच्या दिशेने सोडतात. सुमारे चार आठवड्यांनी ती बाहेर पडतात, त्याच्या थोडे आधी तो दुर्गंधी स्राव बंद होतो. ढोलीच्या कोंदट अंधाराबाहेर त्यांना त्याची गरज राहत नसावी.